डिझेलच्या गाडीची फाईल

अर्जदार : मी स्वतः. वय वर्षे चोपन्न, शिक्षण नववी पास, धंदा पूर्वी अर्जनवीस, हल्ली मुक्काम डार्विन.

जिचे नुकसान झाले ती व्यक्ती : माझी पत्नी, परिचारिका, हल्ली मुक्काम हॅरिस पार्क, सिडनी.

घटनेचा काळ : ऑक्टोबर महिना, एका शनिवारच्या सकाळपासून त्यापुढील सोमवारच्या दुपारपर्यंत.

घटनेचे ठिकाण : डार्विनहून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग, कॅथरीनच्या पुढे.

साक्षीदार : (१) एक मराठी इंजिनिअर, येथील वायुप्रकल्पात नोकरीस, (२) मोटरहोम विकणारे एक वृद्ध ऑस्ट्रेलियन गृहस्थ, यांचा जबाब पुन्हा घेता आला नाही, (३) महामार्गावरील एका पेट्रोलपंपाची मालकीण, (४) माझी मुलगी, फोनद्वारे.

गैरअर्जदार : मीच.

नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत. एकवीस वर्षे तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी लोकांची नावे कागदावर चढवली आणि त्यातली कित्येक पुढे त्या त्या लोकांना जड गेलेली पाहिली. या वेळी ते करायचे नाही.

माझ्या पात्रतेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. मी नववीपर्यंतच शिकलो, परंतु माझ्या हातचा अर्ज सहसा परत आला नाही. सातबाऱ्यावरील वारसनोंद, विहिरीची तक्रार, निलंबित तलाठ्याची विनवणी, काहीही असो. सनद घेतलेले वकील मसुदा दाखवायला माझ्याकडे येत आणि चहा पाजून जात. आमच्या वस्तीत माझ्या वडिलांच्या पिढीने एकच गोष्ट घोकून घेतली होती की तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते, लिहून दिलेले राहते. मी ती गोष्ट धंदा म्हणून केली. पत्नी जिल्हा रुग्णालयात परिचारिका होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या व्हिसावर आम्ही येथे आलो, तेव्हा त्या फॉर्मवर माझ्या नावापुढे ‘डिपेंडंट’ असा शब्द होता. फॉर्म मीच भरला होता. तो शब्द लिहिताना पेन थोडे थांबले, हे येथे नमूद करतो.

डार्विनला मी सकाळी एका शाळेत सफाईचे काम करीत असे आणि दुपारनंतर आपल्या लोकांची पत्रे लिहीत असे. पार्किंगचा दंड, घरमालकाने अडवलेली अनामत, विद्यापीठाला माफीपत्र. बोलण्यात माझे इंग्रजी लंगडते. समोरचा दोनदा ‘सॉरी?’ म्हणाला की माझ्या तोंडातले शब्द पळून जातात. कागदावर मात्र मी कोणाला हार जात नाही, अशी माझी समजूत होती.

पत्नीची नोकरी एका वृद्धाश्रमात होती आणि आमचे येथील राहणे त्या नोकरीला बांधलेले होते. घटनेच्या वर्षी वृद्धाश्रमाने एक विभाग बंद केला आणि तिची नोकरी त्यात गेली. ठराविक दिवसांत दुसरा मालक न मिळाल्यास आम्हां तिघांना परत जावे लागणार होते. मुलगी मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये मैत्रिणींसोबत राहून युनिव्हर्सिटीत शिकत होती. दिवस भराभर सरत असताना पत्नीला कॅथरीनच्या पुढे, महामार्ग सोडून आत असलेल्या एका छोट्या वस्तीच्या दवाखान्यात जागा मिळाली. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचे. क्वार्टर दुरुस्तीला काढलेले होते. व्यवस्थापिका बाई म्हणाल्या, स्वतःचे कॅरव्हॅन असेल तर आवारात लावा, वीज-पाणी आम्ही देऊ. म्हणून आम्ही जुने मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, शोधू लागलो, आणि येथून माझी कामगिरी सुरू होते.

दोन गाड्या नजरेत आल्या. एक पेट्रोलवर चालणारी, एक डिझेलवर. पत्नी पेट्रोलच्या बाजूची होती. तिचे म्हणणे सरळ होते की आपण दोघांनी आयुष्यात पेट्रोलच्याच गाड्या चालवल्या, त्यांचा आवाज बिघडला तर आपल्याला कळतो, आणि कुठलाही मेकॅनिक त्याला हात लावतो. मी म्हणालो, हा भावनेचा मुद्दा झाला. मग आमचे इंजिनिअर मित्र आले. मूळचे पुण्याचे, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला काका म्हणतात. त्यांनी लॅपटॉप उघडला. त्यात एक्सेलची शीट तयार होती.

“काका, लोड बघा. आत फ्रिज, पलंग, पाण्याची टाकी. एवढं वजन ओढायला डिझेलच. मायलेज जास्त, ताकद जास्त, आणि आउटबॅकला कुठल्याही पंपावर मिळतं. ट्रकवाले काय वेडे आहेत का?”

“आणि पेट्रोल?” पत्नीने विचारले.

“पेट्रोल वाईट नाही हो काकू. हलकं, शांत, रिपेअरला सोपं. जुनं डिझेल बिघडलं ना, की मग मात्र रडवतं.” त्यांनी शीट खाली सरकवली. “पण एक सांगतो, दोन्ही इंजिन गार असताना चालू करून बघा. पेट्रोल की डिझेल हे नंतर. ती समोरची गाडी कशी आहे ते आधी. गार स्टार्ट. विसरू नका.”

“तुमच्या काकांना समोरची वस्तू दिसते कुठे,” पत्नी म्हणाली. “तिचा कागद दिसतो.”

मित्र हसले. मीही हसलो.

पेट्रोलची गाडी एका जर्मन जोडप्याची होती. देश फिरून झाला होता आणि विमान पकडायचे होते. त्यांच्याकडे कागद म्हणावे असे काहीच नव्हते, प्लास्टिकच्या पिशवीत चार चुरगळलेल्या पावत्या. जोडप्यातल्या मुलीने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. ऑइल थोडे पिते, दर आठवड्याला बघावे लागते. फ्रिजचे दार नीट लागत नाही, आम्ही दोरी बांधतो. चढावर दम लागतो, घाई करू नका. गाडी सकाळपासून उभी होती. किल्ली फिरवताच चालू झाली. पत्नी आत जाऊन पलंगावर बसली, दोरी सोडून पुन्हा बांधून पाहिली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, “हीच घेऊ.”

मला त्या मुलीचा विश्वास वाटला नाही. माझ्या धंद्यात जो पक्षकार आपण होऊन दोष कबूल करतो त्याचे प्रकरण तिथेच बुडालेले असते, म्हणून मी माझ्या माणसांना नेहमी बजावीत असे की विचारल्याशिवाय बोलू नका. जो एवढे सांगतो त्याने किती लपवले असेल, असा हिशेब मी केला.

डिझेलची गाडी एका वृद्ध गृहस्थांची. अंगण स्वच्छ, गाडी धुतलेली, आणि ओट्यावरच्या टेबलावर एक जाड निळी फाईल. प्रत्येक सर्व्हिसची नोंद, तारीख, किलोमीटर, शिक्का, सही. रेडिएटर नवीन बसवल्याची पावती वेगळ्या प्लास्टिकच्या खिशात. पानांना क्रमांक दिलेले. मी ती फाईल हातात घेतली आणि खरे सांगायचे तर नऊ वर्षांत प्रथमच या देशात मला घरी आल्यासारखे वाटले. मी पान पान वाचले. गृहस्थ माझ्याशी आदराने बोलत होते. “यू नो युअर पेपर्स, मेट,” असे म्हणाले.

तेवढ्यात पत्नीने गाडीच्या नाकावर तळहात ठेवला. रुग्णाच्या कपाळावर ठेवते तसाच, उलटा करून पुन्हा ठेवला.

“अहो, गरम आहे.”

गृहस्थ म्हणाले, तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली, सकाळची तिला जरा कुरकुर असते, वय झालंय, माझ्यासारखंच.

“उद्या सकाळी येऊ,” पत्नी मला मराठीत म्हणाली. “ते म्हणाले होते ना गार स्टार्ट.”

“उद्या दुसरं गिऱ्हाईक येईल. फाईल बघितलीस का?”

“मी गाडी बघते आहे.”

“तुला इंजिनातलं काय कळतं?”

“ताप कळतो,” ती म्हणाली. मी सही केली.

मुलीला फोटो पाठवले. तिचे उत्तर आले, “क्यूट! डिड मम लाइक इट?” मी लिहिले, सर्व कागदपत्रे उत्तम आहेत.

शनिवारी सकाळी निघालो. निघण्यापूर्वी पत्नीने डॅशबोर्डवर मेणबत्ती लावून त्रिसरण आणि पंचशील म्हटले. मी हात जोडून शेजारी उभा होतो. गाडी तिसऱ्या प्रयत्नात चालू झाली आणि मागून पांढरा धूर आला. मी म्हटले, डिझेलचे असेच असते. हे मला कोणी सांगितले नव्हते, मीच ठरवले.

पावसापूर्वीचा तो काळ तेथे फार वाईट असतो. आकाश भरून येते, पण पडत काहीच नाही. हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर राहते. कॅथरीनला जेवून पुढे निघालो. दुपारी तीनच्या सुमारास पत्नी म्हणाली, “काटा वर जातोय.”

“कुठला?”

“तापमानाचा. मघाशी मधे होता.”

“बाहेर एवढं ऊन आहे, जाणारच.”

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “थांबा. झाड बघून थांबू, गार होऊ दे.”

त्यावर मी जे बोललो ते शब्दशः लिहितो, कारण ते या प्रकरणातील मुख्य पुरावा आहे. मी म्हणालो, “रेडिएटर नवीन आहे. पावती आहे.”

मी आणखी पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवली. काटा लाल पट्टीत जाऊन टेकला, मग एकाएकी खाली पडला. मला हायसे वाटले. पाणी पूर्ण संपले की काटा असा पडतो, हे मला नंतर कळले. पुढे आतून लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज आला, वाफेने काच पांढरी झाली आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन मेली. पुन्हा ती हललीच नाही.

पत्नीच्या फोनला तेथे रेंज नव्हती, माझ्या फोनला एक रेघ येई आणि जाई. दोन तासांनी एक रोड ट्रेन, म्हणजे तीन-चार डबे ओढणारा लांबलचक ट्रक, थांबली. तिच्या चालकाने आम्हांला पुढच्या पेट्रोलपंपावर सोडले. तेथे पंप, खानावळ आणि मागे चार खोल्या. त्या दोन तासांत पत्नीने मला पाणी प्यायला लावले होते आणि स्वतः कमी प्यायली होती, हे माझ्या लक्षात आले नाही. रविवारी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, डोके धरून ती पडून राहिली. पंपाच्या मालकीणबाईंनी ओल्या चादरी आणि मीठ-साखरेचे पाणी आणून दिले. त्या मला म्हणाल्या, दवाखान्याला फोन करून टाक, लव्ह, पेफोन फुकट आहे, तो बघ भिंतीवर.

पत्नीनेही तेच सांगितले. डोळे मिटूनच म्हणाली, “अहो, मॅनेजरला फोन करा. दोन दिवस द्या म्हणावं. बास. एवढंच बोला.”

“करतो.”

“आत्ता करा. नंबर माझ्या डायरीत आहे.”

मी डायरी घेऊन बाहेर गेलो. पेफोनपाशी उभा राहिलो. रिसीव्हर उचलला आणि ठेवला. दोन ट्रकवाले जवळच बाकावर बसून बर्गर खात होते. मी मनात वाक्य जुळवले. बाई ‘सॉरी?’ म्हणतील, मी पुन्हा सांगेन, त्या पुन्हा म्हणतील, ट्रकवाले मान वळवतील. एवढ्या महत्त्वाच्या विषयात तोंडी बोलणे योग्य नाही, लेखी हवे, असे मी स्वतःला पटवले. मग खानावळीत बसून, त्यांचे वायफाय घेऊन, मी फोनवर ईमेल लिहिला. अडीच तास लागले. मला माहीत असलेल्या उत्तम इंग्रजीत लिहिला. आरंभ ‘मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टू स्टेट’ असा. विषय : मोटार वाहनाच्या विक्रीतील फसवणूक व तदनुषंगिक बाबी. परिच्छेदांना क्रमांक दिले. वाहनाचा इतिहास, विक्रेत्याचे वर्तन, रेडिएटरची पावती फोटोसह, हवामान, पत्नीची सेवा आणि सचोटी. आणि अखेरीस, जेथे ती असावयास हवी तेथे, एकोणिसाव्या परिच्छेदात, प्रार्थना : हजर होण्यास दोन दिवसांची मुदत मिळावी.

तो लिहिताना पुरावा म्हणून मी निळी फाईल शेजारी उघडी ठेवली होती. आठव्या परिच्छेदाशी मला ते दिसले. सहा वर्षांच्या नोंदी होत्या, पण शाई एक, पेन एक, हाताचा दाब एक. सहीचे शेवटचे वळण सगळीकडे सारखेच घाईत, एका बैठकीत कंटाळलेल्या हाताचे असते तसे. मी स्वतः हजेरीपत्रके अशी भरून दिलेली आहेत, एका दुपारी वर्षभराची, आणि ती मंजूर झालेली आहेत. ज्या गोष्टीत मी तज्ज्ञ होतो तीच मला दिसली नव्हती. मी आठवा परिच्छेद अधिक कडक केला आणि ईमेल पाठवून दिला.

खोलीत गेलो तेव्हा पत्नीने विचारले, “केला?”

मी म्हणालो, “कळवलंय. सविस्तर.”

तिने मान हलवली आणि झोपली. दिवसभर आणि रात्रभर झोपली. तिला वाटले मी बोललो. तिला तसे वाटते आहे हे मला समजत होते.

सोमवारी साडेअकराला ती उठून बसली. तोंड धुतले, केस बांधले. म्हणाली, “काय म्हणाल्या मॅनेजर?”

“उत्तर यायचंय.”

“कसलं उत्तर? फोनवर काय म्हणाल्या?”

“लेखी दिलंय.”

ती चप्पल घालून बाहेर गेली. मी मागे गेलो. पेफोनवर तिने नंबर फिरवला, एकदाही न अडखळता चार वाक्ये बोलली आणि मग ऐकू लागली. मला पलीकडचे ऐकू येत नव्हते, पण नंतर कळले ते असे : आम्ही दहा वाजेपर्यंत वाट पाहिली. निरोप नाही, फोन नाही. वस्तीत दुसरी नर्स नाही, त्यामुळे नर्स पुरवणाऱ्या एजन्सीला कळवले. त्यांची नर्स विमानात बसली आहे. ईमेल? हो, तुमच्या मिस्टरांचा काहीतरी आला होता, गाडीची तक्रार होती, मी तो तक्रार विभागाला पुढे पाठवला.

पत्नी म्हणाली, “नो वरीज.” रिसीव्हर ठेवला. आणखी एकदा, कोणी ऐकत नसताना, हळूच म्हणाली, “नो वरीज.” मालकीणबाईंनी तिला चहा दिला. तिने तो पूर्ण प्यायला.

मुलीला मी तो ईमेल पाठवला, तिने तरी बघावा म्हणून. तिचा फोन आला. “बाबा, हू रीड्स टिल नाइनटीन? तू पहिल्याच लाइनला का नाही लिहिलंस, मम इज सिक, वी नीड टू डेज?”

“विनंती शेवटी करायची असते, बेटा. आधी वस्तुस्थिती.”

“नॉट हिअर,” ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, “आईला दे.”

दवाखान्याच्या तक्रार विभागाकडून पाच कामकाजी दिवसांत उत्तर आले. वाहनविक्रीशी त्यांचा संबंध नाही, असे त्यात होते. इतके नीट लिहिलेले पत्र मला येथे क्वचितच आले आहे.

विक्रेत्या गृहस्थांचे अंगण रिकामे होते. शेजाऱ्याने सांगितले की ते मुलाकडे दूर राहायला गेले. त्यांच्यावर दावा करण्याइतका माझा राग राहिला नव्हता. जर्मन जोडप्याची गाडी कोणी नेली ते ठाऊक नाही.

पत्नी दोन आठवड्यांनी सिडनीला गेली. तेथे तिची मावसबहीण हॅरिस पार्कला एका फ्लॅटमध्ये राहते. तेथून ती गावोगावच्या रुग्णालयांना फोन करते. अर्ज स्वतः लिहिते, एका पानाचे. मी डार्विनला इंजिनिअर मित्रांच्या मागच्या खोलीत राहतो. मित्रांनी ती एक्सेलची शीट पुन्हा कधी काढली नाही. एकदा फक्त विचारले, “काका, गार स्टार्ट केला होतात ना?” मी म्हणालो, केला होता. तेही येथे दुरुस्त करतो. केला नव्हता.

दर रविवारी पत्नीचा मेसेज येतो, “ठीक.” मी “ठीक” असे उत्तर देतो. मागच्या रविवारी त्याखाली आणखी एक ओळ होती. न्यू साउथ वेल्समधील एका गावच्या रुग्णालयाने तिला घेण्याची तयारी दाखवली आहे. नव्या व्हिसाचा फॉर्म भरायचा आहे. त्यात कुटुंबातील कोण सोबत राहणार हे लिहायचे असते. मुलीचे नाव तिने लिहिले आहे. दुसरा रकाना रिकामा आहे. “विचार करतेय,” असे तिने लिहिले. एवढेच.

मी तीन दिवस फोन हातात घेऊन बसलो. तिच्याशी बोलायला इंग्रजी लागत नाही. तरी बोलता आले नाही.

म्हणून, सौ., हे तुझ्या वाचनासाठी लिहिले आहे, इतर वाचकांसमक्ष. तुझी समजूत बरोबर होती आणि माझी चूक होती. गाडीबाबत, काट्याबाबत, फोनबाबत, तिन्ही वेळा. नोकरी गेली ती गाडीमुळे नव्हे, मी फोन केला नाही म्हणून. फोन केला नाही तो लाजेपोटी, आणि केला असे तुला वाटू दिले. याला माझ्याकडे सबब नाही, संलग्न कागद नाहीत.

तरी आपणांस नम्र विनंती की, फॉर्म पाठवण्याच्या मुदतीपूर्वी त्या रकान्याबाबत आपला निर्णय व्हावा. माझे नाव लिहिल्यास मी आपला ऋणी राहीन व पडेल ते काम करीन. न लिहिल्यास माझी कोणतीही हरकत नाही, तसे मी सहीनिशी लिहून देण्यास तयार आहे आणि ठरलेल्या दिवशी देश सोडून जाईन. मात्र रकाना रिकामा पाठवू नये. ‘हो’ किंवा ‘नाही’, एका शब्दात, लेखी वा तोंडी, जसे आपणांस सोयीचे असेल तसे कळवावे. मी फोन जवळ ठेवला आहे.

आपला,
अर्जदार व गैरअर्जदार